बासची मासेमारी : आधी पाणी शिकवावे, मग सामान

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मासेमारीची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडावे, तळ्याकाठी वेळ घालवावा, हा त्यामागचा हेतू मनापासून पटला. मात्र लेखाचा बहुतेक भाग रॉड, रील, लाइन आणि आमिषे यांच्या वर्णनात खर्ची पडला होता, आणि सोबतच्या छायाचित्रात पाच-सहा पौंडांचा एक देखणा मासा केवळ खालच्या जबड्याला धरून, पोटाला कोणताही आधार न देता, आडवा उचललेला दिसत होता. हे दोन्ही पाहून मला राहवले नाही. बासची मासेमारी ही सामानाच्या यादीतून शिकण्याची विद्या नाही. ती पाण्यावर वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसांच्या शेजारी उभे राहून शिकावी लागते, आणि त्यात पहिला धडा मासा पकडण्याचा नसून मासा सांभाळण्याचा असायला हवा, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी या छंदाकडे वळले, तेव्हा माझीही सुरुवात सामानापासूनच झाली होती. आठ-दहा प्रकारची कृत्रिम आमिषे डब्यात नीट लावून मी तळ्यावर जात असे आणि जिथे गाडी लावायला जागा मिळेल तिथेच उभी राहून गळ टाकत असे. दोन महिन्यांत एकही बास लागला नाही. त्याच काठावर रोज पहाटे सत्तरीतले एक निवृत्त गृहस्थ येत असत. एके दिवशी त्यांनी माझी चौकशी केली आणि मी अडचण सांगताच शांतपणे म्हणाले, ‘‘डबा आणि रॉड गाडीत ठेवून या.’’ त्या सकाळी आम्ही अर्धा-पाऊण तास नुसते काठाने चाललो. पाण्यात आडवे पडलेले झाड, त्याच्या फांद्यांखालची सावली, पाणवनस्पतींची दाटी जिथे संपते ती कड, फिकट हिरवे पाणी एकाएकी गडद होते ती उताराची रेषा, लहान माशांचा थवा भेदरून पृष्ठभागावर उसळतो ती जागा, असे एकेक ठिकाण ते थांबून दाखवत होते. बास हा पाठलाग करून दमणारा मासा नाही, तो दबा धरून बसणारा आहे. म्हणून त्याला लपायला आडोसा कुठे मिळेल आणि त्याचे भक्ष्य कोणत्या वाटेने जाईल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय गळ पाण्यात टाकण्यात अर्थ नाही, असे त्यांचे सांगणे होते. मी ज्या जागी दोन महिने उभी होते, तिथे सपाट, उघडा, उथळ चिखल होता.

दुसरा धडा बोटांचा होता. त्यांनी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे छोटे वजन लाइनमध्ये ओवले, खाली गळ बांधला आणि त्या गळाचे टोक मऊ प्लास्टिकच्या गांडुळाच्या अंगात परत खुपसून लपवले, म्हणजे ते पाणवनस्पतीत आणि बुडालेल्या लाकडांत अडकत नाही. या जुळणीला टेक्सास रिग म्हणतात आणि ती कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात न सापडणारी गोष्ट पुढे होती. त्यांनी मला आमिष टाकायला लावले, ते तळाला टेकू दिले आणि मग डोळे मिटून ते हळूहळू ओढत काय जाणवते ते सांगत राहायला सांगितले. चिखलात वजन रुतते आणि ओढताना जड, गुळगुळीत लागते. वाळूवर ते नुसते घसरत येते. खडीवर रॉडच्या मुठीपर्यंत बारीक टकटक पोहोचते. फांदीवर चढताना लाइन ताणत जाते आणि फांदी ओलांडताच एकदम सैल पडते. तासभर मी असे बोलत राहिले आणि ते ‘हो’ किंवा ‘पुन्हा पाहा’ एवढेच म्हणत राहिले. नंतर कधीतरी या सगळ्यांहून वेगळी अशी एक हलकी टिचकी जाणवली, आणि लाइन कोणी न ओढता डावीकडे सरकू लागली. तो माझा पहिला बास. जेमतेम एक पौंडाचा असेल. पण तो का लागला, हे मला कळले होते.

हे शिक्षण पडद्यावर पाहून का मिळत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चित्रफितीत मासा लागल्याचा क्षण असतो, त्याआधीचे चार तास कापून टाकलेले असतात. जाणत्या माणसाची खरी कसोटी त्या चार तासांतच लागते. तो काय काय वगळतो, कोणत्या जागेवर दोनदाच गळ टाकून पुढे सरकतो आणि कोणत्या जागेवर वीस वेळा टाकतो, वारा फिरताच बोट कोणत्या काठाकडे वळवतो, हे शेजारी बसूनच दिसते. शिवाय शिकणाऱ्याची चूक त्याच क्षणी पाहणारे कोणी हवे असते. मी कित्येक दिवस गाठ कोरडीच घट्ट ओढत असे आणि मासा ओढ देताच लाइन गाठीपाशी तुटे. ती आवळण्याआधी ओठांनी ओली करायची असते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने लाइन तिथेच कमकुवत होते, ही एका वाक्याची गोष्ट मला एका वयस्कर बाईंनी माझ्या हाताकडे पाहून सांगितली.

ऋतूंचेही तसेच आहे. वसंतात पाणी तापू लागले की उत्तरेकडच्या, थंड वाऱ्यापासून आडोसा असलेल्या उथळ खाड्या आधी उबदार होतात आणि मासे तिकडे सरकतात. भर उन्हाळ्यात खोल तळ्यांमध्ये वर उबदार आणि खाली गार असे पाण्याचे थर पडतात. खालच्या थरात प्राणवायू इतका कमी होऊ शकतो की तिथे मासा थांबत नाही, म्हणून ‘ऊन वाढले की जितके खोल तितके चांगले’ हा नवख्यांचा ठोकताळा फसतो. शरद ऋतूत शॅड जातीच्या लहान माशांचे थवे मोठ्या जलाशयांच्या ओढ्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागोमाग जातो. सतत एका बाजूने वारा वाहिला की पाण्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाला लोटले जातात, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहान माशांमागे बास. बहुतेक लोक वाऱ्याला पाठ देऊन निवांत काठ धरतात. माझे गुरू, म्हणजे पहिल्या सकाळचे ते निवृत्त गृहस्थ, अंगावर वारा घेत समोरच्या काठाला जात. हे सर्व मी आज चार ओळींत लिहिते आहे, पण ते मला नऊ वर्षांत, एकेका सकाळी, एकेका चुकीसह समजले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे वळते. तिसऱ्या वर्षी, जुलै महिन्यात, मला साडेपाच पौंडांचा लार्जमाउथ बास लागला. आनंदाच्या भरात मी तो गरम झालेल्या लाकडी धक्क्यावर ठेवला, फोन काढला, एकदा स्वतः छायाचित्र घेतले, मग कोणाला तरी हाक मारून दुसरे घ्यायला लावले, मग वजन केले. तीन-चार मिनिटे तरी गेली असतील. पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर कलंडला आणि कल्ले अगदी संथपणे उघडत-मिटत तसाच तरंगत राहिला. माझे गुरू काही न बोलता बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले, एक हात त्याच्या पोटाखाली घालून त्यांनी त्याला सरळ धरले आणि धक्क्याच्या सावलीत तसेच उभे राहिले. बराच वेळ गेला. मग माशाची शेपटी एकदा हलली, पुन्हा हलली आणि तो त्यांच्या तळहातावरून आपणहून खाली उतरून दिसेनासा झाला. वर आल्यावर ते एवढेच म्हणाले की, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, झुंज देऊन मासा दमलेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला श्वास कोंडायला लावतो. तो मासा पुढे जगला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्या दिवसापासून छायाचित्राची तयारी मासा पाण्यात असतानाच पूर्ण होते, आणि तयारी नसेल तर छायाचित्र घेतले जात नाही.

माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रोगांपासून रक्षण करतो आणि कोरडा हात, टॉवेल किंवा तापलेली लाकडी फळी तो पुसून टाकते. लहान मासा जबड्याला धरून सरळ उभा लटकवला तर फारसे बिघडत नाही; पण मोठा मासा आडवा करायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली असायलाच हवा, नाहीतर सगळे वजन जबड्याच्या सांध्यावर येते. याच जबड्याने आणि त्यामागच्या प्रचंड तोंडाने तो पाण्यासह भक्ष्य आत ओढून घेतो. जबडा दुखावलेला मासा पोहत निघून गेला, तरी पुढे त्याची उपासमार होऊ शकते. मासेमारी रॉडपासून नव्हे, या हातांपासून सुरू होते, असे मला नवख्यांना सांगावेसे वाटते, आणि आपल्या पुरवणीतील छायाचित्र त्याच्या नेमके उलटे शिकवते.

याहून नाजूक प्रश्न विणीच्या काळाचा आहे. पाण्याचे तापमान साधारण 60 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 16 अंश सेल्सियसच्या पुढे गेले की नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटीसारखे घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांची आणि नंतर पिलांच्या थव्याची राखण नरच करतो. या दिवसांत तो घरट्याजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो, म्हणून त्याला पकडणे अगदी सोपे असते. तो काही मिनिटे जरी घरट्यापासून दूर राहिला, तरी भोवती टपून बसलेले ब्लूगिल नावाचे लहान मासे अंड्यांवर धाड घालतात. काही राज्यांत या काळासाठी निर्बंध आहेत, काही ठिकाणी नाहीत, आणि चांगल्या अँगलरांमध्येही, म्हणजे गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्येही, यावर मतभेद आहेत, हे मी जाणते. माझे मत स्पष्ट आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या घरट्यावर गळ टाकू नये. नवख्याने तर नाहीच, कारण त्याला मासा सोडवायला वेळ लागतो. त्याऐवजी पाण्यावरची चमक कमी करणारा ध्रुवीकृत चष्मा लावून दुरून तो नर पाहावा. पिलांचा काळसर ढग त्याच्याभोवती कसा सरकतो हे मी माझ्या मुलीला पहिल्यांदा दाखवले, तेव्हा तिने रॉड मागितलाच नाही.

मासा परत सोडणे हे काही हळव्या मनाच्या बाहेरच्या लोकांनी या खेळावर लादलेले बंधन नाही, हेही नोंदवायला हवे. अलाबामातील विमा विक्रेते रे स्कॉट यांनी 1967 मध्ये आर्कान्सासमधील बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे बास अँगलरांची संघटना उभारली. याच स्कॉट यांनी 1972 पासून स्पर्धेतला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला. म्हणजे ज्या माणसाने या खेळाला स्पर्धेचे रूप दिले, त्यानेच जिवंत सोडण्याची शिस्तही रुजवली. आणि जुन्याजाणत्यांची विद्या कालबाह्य झाली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ज्येष्ठ व्यावसायिक अँगलर रिक क्लन यांच्याकडे पाहावे; त्यांनी 2019 मध्ये फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीवर, वयाच्या 72व्या वर्षी, बासमास्टर एलीट या व्यावसायिकांच्या अव्वल मालिकेतील स्पर्धा जिंकली. समोर अर्ध्या वयाचे, अद्ययावत उपकरणे वापरणारे स्पर्धक होते.

मासा खाण्यासाठी ठेवूच नये, असे माझे म्हणणे नाही. राज्याने ठरवून दिलेल्या संख्येत आणि लांबीत बसणारा मासा घरी नेणे पूर्णपणे योग्य आहे; काही लहान तळ्यांमध्ये छोट्या बासची गर्दी इतकी होते की त्यातले काही काढणेच तिथल्या माशांच्या हिताचे असते. माझा आक्षेप निष्काळजीपणाला आहे.

एका सवयीबद्दल मात्र कठोरपणे लिहावे लागेल. आवडला म्हणून जिवंत मासा बादलीतून दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आपण निसर्गाचे भले करतो असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. हाच लार्जमाउथ बास जपानमध्ये परका आहे. 1925 मध्ये तो तिथल्या आशी सरोवरात आणला गेला, पुढे अनेक जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांना इतका जड गेला की बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडण्यास 2003 पासून मनाई झाली. 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी याच बिवा सरोवरात, जॉर्ज पेरी यांनी 1932 मध्ये जॉर्जियात नोंदवलेल्या 22 पौंड 4 औंसांच्या विक्रमाची बरोबरी करणारा मासा पकडला, म्हणून अँगलरांना ते सरोवर ठाऊक असते. त्याच सरोवराची ही दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. बास सोडण्याचा नियम अमेरिकेत शहाणपणाचा आणि तिथे हानीचा ठरतो, कारण प्रश्न त्या त्या पाण्याचा असतो. बोटीबद्दलही तेच. 1988 मध्ये ग्रेट लेक्स परिसरात आढळलेले परके झेब्रा शिंपले बोटींच्या तळाला चिकटून आणि साठलेल्या पाण्यातून किती दूरवर पोहोचले, हे आपण पाहतोच आहोत. म्हणून तळ्यातून बाहेर पडताना बोट आणि ट्रेलर स्वच्छ करणे, सगळे पाणी काढून टाकणे आणि सुकवणे हा मासेमारीचाच भाग मानला पाहिजे.

पाण्यावरच्या रोजच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टी अशाच, न सांगता, पाहून शिकायच्या असतात. माझे गुरू लाइनचा तोडलेला बारीकसा तुकडाही खिशात ठेवत, कारण तो एखाद्या पक्ष्याच्या पायात गुंतू शकतो. दूरवर गडगडाट ऐकू येताच, मासे कितीही लागत असले तरी, ते काठ गाठत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकत नसत; ग्राफाइटचा रॉड उभा धरून उघड्या पाण्यावर बसणे म्हणजे विजेला आमंत्रण आहे. बोटीचे इंजिन सुरू करण्यापूर्वी, माणूस पाण्यात पडल्यास ते बंद पाडणाऱ्या दोरीची कडी माझे गुरू स्वतःच्या जॅकेटला अडकवत. 26 फुटांहून लहान बोटींसाठी ही कडी वापरणे एप्रिल 2021 पासून संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक झाले. त्यांची सवय त्याच्याही किती तरी आधीची होती. घरी परतल्यावर मोज्यांच्या कडा आणि गुडघ्यांमागची जागा गोचिडांसाठी तपासायची, हेही त्यांनीच शिकवले.

परवान्याविषयी लेखात एक ओझरता उल्लेख होता आणि त्याचा सूर ‘एवढा एक खर्च करावा लागतो’ असा होता. तो सूर मला खटकला. परवान्याचे शुल्क राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या कामाला लागते, आणि 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावर आकारलेला संघराज्याचा कर राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी परत मिळतो. तळ्यांची पाहणी, माशांची पैदास, काठावरचे धक्के आणि बोटी उतरवण्याचे उतार यांसाठी पैसा येतो तो इथूनच. बहुतेक राज्यांत 16 वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही आणि वर्षातले काही दिवस सर्वांनाच परवान्याविना मासेमारी करता येते. नवख्या कुटुंबांना ही माहिती एखाद्या महागड्या रीलच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, या विषयावर पुढे लिहून घ्याल तेव्हा ते वीस-तीस वर्षे पाण्यावर घालवलेल्या एखाद्या माणसाकडून लिहून घ्यावे, किंवा त्याच्यासोबत एक सकाळ घालवून मग लिहावे. आपल्या वाचकांत असे लोक आहेत. मला तळ्यांवर ते भेटतात, मराठीत बोलतात, आणि विचारले तर हातचे काही राखून न ठेवता सांगतात; मात्र त्यांना कोणी विचारत नाही आणि स्वतःहून पुढे येण्याचा त्यांना संकोच वाटतो. अशा मंडळींनाही मला सांगायचे आहे की, काठावर चुकीच्या जागी गळ टाकणारे कोणी दिसले, तर माझ्या गुरूंप्रमाणे एकदा जवळ जाऊन चौकशी करावी. समोरचा माणूस बहुधा मदतीचीच वाट पाहत असतो.

छायाचित्रांबाबतही एक साधा नियम पाळता येईल. ज्या चित्रात मासा दोन्ही हातांनी, ओल्या हातांनी, पाण्याच्या लगत धरलेला आहे, तेच छापावे. बाकीची, मासा कितीही मोठा असला तरी, परत पाठवावीत. माझे गुरू दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे पाण्यात उतरायचे थांबले. अजूनही शनिवारी ते घडीची खुर्ची घेऊन धक्क्यावर येतात, आणि माझी मुलगी मासा सोडवत असताना मोठ्याने आकडे मोजतात. दहा म्हणण्याच्या आत मासा पाण्यात परत गेलेला असावा, असा त्यांचा दंडक आहे.

कळावे,

आपली एक नियमित वाचक